धर्मशिक्षकाचे वर्तन आणि विद्यार्थी : मिशन शाळांच्या अनुभवातून काही विचार

गणित शिकवणारा शिक्षक खोटारडा असला तरी बे दुणे चारच राहतात. भूगोलाच्या मास्तरांनी उसने घेतलेले पैसे बुडवले म्हणून गोदावरी त्र्यंबकेश्वर सोडून दुसरीकडे उगम पावत नाही. या विषयांची सत्यता शिक्षकाच्या आयुष्यावर अवलंबून नसते. धर्म आणि नीती शिकवणाऱ्याचे तसे नाही. सर्व माणसे एका देवाची लेकरे आहेत, हे विधान फळ्यावर सिद्ध करून दाखवता येत नाही. त्याला पुरावा एकच असतो : हे वाक्य उच्चारणारा माणूस जेवणाच्या पंगतीत कोणाच्या हातचे पाणी पितो. मुले हा पुरावा तपासतात. ती बोलत नाहीत, वाद घालत नाहीत, परीक्षेत अपेक्षित उत्तर लिहून गुणही मिळवतात. पण निकाल मनात लावून ठेवतात.

प्रस्तुत लेखात मला ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वर्तनाचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम तपासायचा आहे. मी ख्रिस्ती नाही. १९५६ नंतर आमच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीच्या पायाची सहा वर्षे मी एका मिशनच्या वसतिगृहात काढलेली आहेत. दुसरे असे की, महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या इतिहासातून मिशन शाळा वगळता येत नाहीत. या शाळांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक कृतज्ञतेचा : मिशनऱ्यांनी आम्हाला अक्षर दिले. दुसरा संशयाचा : मिशनऱ्यांनी शिक्षणाच्या नावाखाली बाटवले. दोन्ही सूर संस्थेविषयी बोलतात. समोर बसलेल्या पोराने मास्तरांमध्ये काय पाहिले, हा प्रश्न दोन्हीकडे सुटून जातो. तोच मला महत्त्वाचा वाटतो.

१

आधी थोडा इतिहास. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा मोडायची कशी, असा त्या वेळच्या मुंबई सरकारच्या भूमिकेचा मथितार्थ होता. सरकारी शाळेचे दार असे बंद असताना काही ठिकाणी मिशन शाळेचे दार उघडे होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि १८३१ साली ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचले. पुढे त्या जिल्ह्यातल्या अनेक महारवाड्यांत मिशनच्या लहान लहान शाळा निघाल्या.

या शाळेची रचना ध्यानात घेतली पाहिजे. बहुधा शाळा आणि प्रार्थनेची जागा एकच असे. शिकवणारा मास्तर पुष्कळदा आपल्याच समाजातला, ख्रिस्ती झालेला माणूस असे. तो मुळाक्षरे शिकवी, बायबलमधल्या गोष्टी सांगी, गाणी म्हणवून घेई, आणि वस्तीतल्या कोणाचे पत्र आले तर वाचून दाखवी. शहरातला शिक्षक विद्यार्थ्याला तासाभरापुरता दिसतो. हा मास्तर वस्तीला पहाटेपासून रात्रीपर्यंत दिसत होता. तो बायकोशी कसा बोलतो, उधारी कशी फेडतो, पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पागोटे कसे सांभाळतो, हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. धर्माच्या तासाला त्याने काय सांगितले याची परीक्षा दिवसभर चाले.

'चारित्र्य' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ फार आकसून गेला आहे. दारू पीत नाही, बाहेरख्याली नाही, म्हणजे माणूस चारित्र्यवान, एवढ्यावर समाज समाधान मानतो. पण असा निर्व्यसनी माणूस आयुष्यभर निष्ठेने अस्पृश्यता पाळू शकतो. पाळत आलेला आहे. म्हणून धर्मशिक्षकाचे चारित्र्य म्हणजे आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाशी त्याचे रोजचे वागणे, एवढाच अर्थ मी इथे घेतो. वर्गात सर्वांत दुबळा असतो तो विद्यार्थी. आणि विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत दुबळा असतो तो जातीने तळाचा, गरीब, आजारी किंवा पोरका.

२

जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बायबल हा अशा शाळांतल्या अभ्यासाचा भाग होता. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. उलट, ज्या थॉमस पेनच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला, तो पेन ख्रिस्ती धर्मपीठांचाही कठोर टीकाकार होता. म्हणजे मिशनच्या हिशेबाने पाहिले तर हा विद्यार्थी हातचा गेला. पण १८४८ साली हाच विद्यार्थी अहमदनगरला जातो, मिस फरार यांची मुलींची शाळा पाहतो, आणि पुण्यास परतून स्वतः मुलींची शाळा काढतो. पुढे सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे झाले.

या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली वारल्या. परक्या मुलखात आलेली ही बाई अविवाहित होती. नवऱ्याच्या नावावर नव्हे, आपल्या शिकवण्याच्या कामावर ती तीन दशकांहून अधिक काळ उभी राहिली. त्या काळच्या मुलींना तिच्या धर्मपाठांतले किती पटले असेल ते असो. पण बाई शिकू शकते, शिकवू शकते आणि मानाने जगू शकते, हा पाठ तिच्या असण्यातूनच मिळत होता. तो कोणत्याही प्रश्नोत्तरीत छापलेला नव्हता.

जोतीरावांनी शिक्षकाच्या वर्तनाचे महत्त्व किती नेमके ओळखले होते, हे १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी दिलेल्या निवेदनात दिसते. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले आणि प्रशिक्षण घेतलेले असावेत, अशी त्यांची मागणी होती. यामागचे कारण पाहण्यासारखे आहे. ब्राह्मण शिक्षकाला ज्ञान कमी असते असे ते म्हणत नाहीत. तो धार्मिक समजुतींमुळे मुलांपासून अंतर राखतो, तर शेतकरी वर्गातला शिक्षक त्यांच्यात मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल, असे ते सांगतात. म्हणजे आक्षेप विद्येवर नाही, वर्तनावर आहे. आणि हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केलेला होता. बोलणे आणि वागणे यांचा मेळ असा असतो.

याचे फळ कसे येते तेही पाहू. १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. वेद ज्यांचे आहेत ते आम्हाला हाकलतात, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक प्रश्न आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात असा प्रश्न येणे नवल नाही. आपल्या वस्त्यांमध्ये तो शेकडो वर्षे मनात येतच असणार. नवल हे की तो कागदावर उतरवायला ती भ्याली नाही. प्रश्न विचारला तर शिक्षक मारणार नाही, हसणार नाही, हाकलणार नाही, ही खात्री विद्यार्थ्याला उपदेशातून मिळत नसते; रोजच्या वागणुकीतून मिळते.

३

शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव किती खोल जाऊ शकतो आणि त्यातून कोणता पेच उभा राहतो, याचे दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे आहे. हे सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. आमच्या लेकीबाळी त्या वेळी त्यांच्या हिशेबात नव्हत्या, हे नमूद केले पाहिजे. तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरलेले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपली प्रार्थना करीत. मात्र त्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून तिथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणावर आजवर धर्मांतराच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, धर्माचा तास वेळापत्रकातून काढून टाकला तरी धर्मशिक्षण थांबत नाही. ज्या बाईने आपल्याला निवारा दिला, माणूस म्हणून वागवले, ती दाराआड काय करते हे मुलींना पाहावेसे वाटणारच. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. शिक्षक जितका चांगला तितकी त्याची सत्ता मोठी. जिच्या अन्नावर आपण जगतो तिच्या श्रद्धेला 'नाही' म्हणणे निराधार मुलीला सोपे नसते. म्हणून चारित्र्यवान धर्मशिक्षकाची खरी कसोटी पुढे लागते : आपल्यावर माया करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याशी असहमत होण्याची मोकळीक तो ठेवतो की नाही?

आपल्या संविधानाने हा पेच कायद्यापुरता सोडवलेला आहे. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीवाचून त्याला त्यात सहभागी करता येत नाही. म्हणून ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत बहुधा ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशिक्षण असे दोन वर्ग भरतात. कायदा इथवर येतो. शिक्षकाच्या वागण्यातून जे शिकवले जाते, तिथे कायदा पोहोचत नाही.

४

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. या शतकाच्या सुरुवातीची वर्षे. इयत्ता पाचवीत वडिलांनी मला तालुक्याच्या गावी एका मिशनच्या वसतिगृहात ठेवले. आम्ही चाळीसेक मुले होतो. काही ख्रिस्ती, काही बौद्ध, दोन-तीन भिल्लांची. रोज सायंकाळी प्रार्थना आणि बायबलचा पाठ असे. माझ्या वडिलांना विचारून मला त्यात बसवले होते. वडील म्हणाले होते, "ऐकायला काय जातं? चांगलं असंल तेवढं घे."

पाठ घेणारे दोघे होते. एक सर आणि एक बाई. सर बी.ए. झालेले, आवाज भरदार, वाणी ओघवती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट ते अशी रंगवून सांगत की ती विहीर आमच्या डोळ्यांसमोर उभी राही. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानत. तरीही थकलेला येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, अशी ती गोष्ट. सर दोघांचेही आवाज काढीत. शेवटी म्हणत, "बघा पोरांनो, देवाच्या घरी विटाळ नाही."

पंगतीत पाणी वाढण्याची पाळी मुलांवर आळीपाळीने येई. आमच्यात मातंग समाजातला एक ख्रिस्ती मुलगा होता. त्याची पाळी आली की सर पेल्यावर हात ठेवीत आणि हळूच म्हणत, "नको रे, झालं माझं." थोड्या वेळाने मी किंवा दुसरा कोणी पाणी घेऊन गेला की पेला पुढे करीत. रागावणे नाही, शिवी नाही, उलट आवाजात मायाच. सर आमच्याच जुन्या महारवाड्यातले. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचे घराणे ख्रिस्ती झालेले. त्यांनी आम्हाला काहीच शिकवले नाही असे कोणी म्हणेल. महिन्याभरात पंगतीतली निम्मी मुले त्या मुलाला पाहून "झालं माझं" म्हणू लागली होती. ख्रिस्ती मुले म्हणत होती, बौद्ध मुले म्हणत होती. मीही म्हणत होतो. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे वंदना म्हणणारा मी, एका ख्रिस्ती मास्तरांकडून जात शिकत होतो. की माझ्यात होतीच, तिला फक्त रीत मिळाली?

बाई वसतिगृहाची व्यवस्था पाहत. जुनी सातवी पास. पाठ घेण्याची त्यांची पाळी आली की आम्हाला कंटाळा येई. ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचत. वाचून झाले की अर्थ सांगायच्याऐवजी पुस्तक मिटत. पंगतीतला प्रकार त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी भाषण केले नाही, कोणाला बोलल्या नाहीत. एके दिवशी त्या स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या आणि आमच्या पंगतीला बसल्या. त्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, "बाळा, पाणी दे रे." प्यायल्या आणि पेला परत पुढे केला. दुसऱ्या दिवशी तसेच. ती पाळी संपेपर्यंत रोज. आठवड्याभरात आमचे "झालं माझं" बंद पडले. त्या गोष्टीत येशू पाणी देत नाही, आधी मागतो, हे मला सरांच्या रसाळ निरूपणातून कधी कळले नव्हते. पाणी देण्यात दया असू शकते. पाणी मागायला समोरच्याला माणूस मानावे लागते.

आणखी एक प्रसंग. मी सातवीत असताना कोठीतली खोबरेल तेलाची बाटली नाहीशी झाली. संशय माझ्यावर आला आणि बाईंनी मला थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी बाटली सापडली. बाईंनीच ती दुसरीकडे ठेवली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेला बाई उभ्या राहिल्या, सर्वांसमोर माझे नाव घेऊन म्हणाल्या, "काल मी चुकले. याचा काही दोष नव्हता. मला माफ कर, बाळा." मी काही बोलू शकलो नाही. तोपर्यंत कोणा मोठ्या माणसाने माझी क्षमा मागितली नव्हती. माझ्या बापाचीही कोणी मागितलेली मी पाहिली नव्हती. क्षमा या विषयावर त्या सहा वर्षांत मी किती पाठ ऐकले असतील. आठवतो तो एवढाच.

या बाईंनी मला बाप्तिस्म्याविषयी कधी एक शब्द विचारला नाही. १४ एप्रिलला गावी जायची परवानगी मागितली की म्हणत, "जा, पण दुसऱ्या दिवशी परत ये. अभ्यास बुडवू नको." मी बौद्धच राहिलो आणि बाईंना त्याचे दुःख झाले असेल असे मला वाटत नाही. झाले असल्यास त्यांनी ते मला दिसू दिले नाही.

सरांवर अन्याय व्हायला नको म्हणून सांगतो. आज मी मराठी शिकवतो त्यात सरांच्या वाणीचा वाटा आहे. त्यांचा पगार महिनोन्महिने थकत असे; तरी त्यांनी शिकवण्यात कसूर केली नाही. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या घराण्याने धर्म बदलला होता, गावाने लावून दिलेली उतरंड बदलली नव्हती, एवढेच. तेवढ्याने त्यांचा सगळा पाठ फुकट गेला.

५

इथे वाचक एक शंका घेतील आणि ती रास्त आहे. बाईंसारखी चार चांगली माणसे निघाली म्हणून व्यवस्था बदलते काय? नाही बदलत. त्या मातंग मुलाचेच उदाहरण घ्या. त्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शीखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. गावाने त्याला मांगच ठेवले होते. सरकारने मात्र अनुसूचित जातीत ठेवले नव्हते. मला शिष्यवृत्ती होती, त्याला नव्हती. दहावीनंतर तो कामाला लागला, मी महाविद्यालयात गेलो. बाईंच्या चांगुलपणाकडे याचे उत्तर नव्हते. ज्यांच्याकडे असायला हवे होते, त्या वसतिगृहाच्या चालकांनी या प्रश्नावर कधी तोंड उघडलेले मला आठवत नाही.

बाबासाहेबांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. पण त्याच भाषणात ख्रिस्ती समाज आपल्या सामाजिक हक्कांसाठी झगडत नाही, शिकून नोकरीला लागलेली मुले समाजाकडे पाहत नाहीत, अशी परखड टीकाही केली. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन १९८९ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्यांची जात गेली का, हा प्रश्न विचारून त्यांनी नकारार्थी उत्तर दिले आहे. मिशनांच्या उच्च शिक्षणाचा लाभ मुख्यतः वरच्या जातींनी घेतला हेही त्यांनी दाखवून दिले. ख्रिस्ताविषयी आदर आणि ख्रिस्ती संस्थांच्या वर्तनावर टीका, यांत विरोध नाही. शिकवण आणि वागणूक यांतले अंतर मोजण्याचीच ही रीत आहे, आणि ती व्यक्तीइतकीच संस्थेलाही लावली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे : धर्मशिक्षकाच्या चांगल्या वर्तनाने हक्क मिळत नाहीत, त्यासाठी संघर्षच करावा लागतो. पण आपण हक्कांना पात्र आहोत ही जाणीव बालपणी कोणाच्या तरी वागण्यातूनच रुजते. आपल्याकडून पाणी मागणारा, आपली क्षमा मागणारा एक तरी मोठा माणूस ज्याने पाहिला, त्याला पुढे अपमान हा अपमान म्हणून ओळखता येतो. ज्याने तो पाहिला नाही, त्याला अपमान हीच जगाची रीत वाटते.

६

हे सगळे ख्रिस्ती धर्मशिक्षकांना लागू करून आपण मोकळे होणार असू तर लेख लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या विहारांतही रविवारी मुलांचे वर्ग भरतात. आपले अभ्यासवर्ग, शिबिरे, व्याख्यानमाला चालतात. तिथे समता शिकवणारे आपण कसे वागतो? आपल्या वर्गात मातंग, चर्मकार, भटक्या समाजाची मुले किती, आणि असली तर त्यांना परकेपणा का वाटतो? बावीस प्रतिज्ञांवर तास-तास बोलणारा कार्यकर्ता घरी बायकोला काय म्हणून हाक मारतो? शिबिराच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिला जातो का? दुसऱ्या धर्माच्या मुलांसमोर त्यांच्या आईबापांच्या श्रद्धेची टवाळी करून आपण टाळ्या घेतो का? मुले हे सगळे टिपतात आणि त्यावरून बुद्ध कसा असेल याचा अंदाज बांधतात.

बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद राजाचे नाव मिळाले. नागसेन आणि मिलिंद यांच्या संवादाच्या आरंभीच नागसेन अट घालतो की, चर्चा राजांच्या रीतीने नको, पंडितांच्या रीतीने हवी. पंडित चूक दाखवली तर मान्य करतात, रागावत नाहीत, आणि राजे विरोध करणाऱ्याला दंड करतात. शिक्षकाच्या वर्तनाचा याहून मोठा पाठ मला ठाऊक नाही. आपण वर्गात राजे असतो की पंडित, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

मी विचारून पाहिले, म्हणजे मला ऐकावे लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायचे काम माझ्याकडे होते. मी भर वर्गात यादी घेऊन जातवार नावे पुकारली, उभे राहायला लावले. त्याच तासाला मी दलित साहित्यातील आत्मसन्मान या विषयावर बोललो. एक मुलगी त्यानंतर माझ्या तासाला येईनाशी झाली. वर्ष संपताना भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुमचं शिकवणं चांगलं होतं. पण तुम्ही आधी उभं केलंत." मी गप्प झालो. तेव्हापासून अर्जाच्या सूचना मी सर्वांना एकत्र देतो आणि अर्ज खोलीत घेतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला एका विद्यार्थिनीचे वर्ष घालवावे लागले.

शेवटी त्या मित्राविषयी. तो मातंग मुलगा आज तालुक्याच्या गावी गवंडीकाम करतो. अधूनमधून भेटतो, आदराने 'सर' म्हणतो, चहा पाजतो. त्या महिन्यात मीही त्याच्या पाण्याला "झालं माझं" म्हटले होते, हे मी त्याच्यापाशी अजून बोललेलो नाही. त्याला ते आठवत असणार. बाईंना एका दिवसात, चाळीस मुलांसमोर जे जमले, ते मला वीस वर्षांत जमलेले नाही. बाईंनी मला काय शिकवले ते सांगणे सोपे आहे. ते मी शिकलो की नाही, हे त्याला भेटून त्याच्यासमोर बोलेन तेव्हाच ठरेल.